‘बॅम्बूझल’ या इंग्रजी क्रियापदाचा अर्थ आणि उगम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘बॅम्बूझल’ या शब्दाचा नेमका अर्थ काय?

एखाद्याला बोलण्याने, युक्तीने किंवा हातचलाखीने इतके गोंधळवून टाकायचे की त्या गोंधळातच तो फसला जावा, हा या क्रियापदाचा गाभा आहे. कोशांमध्ये त्याचे सहसा दोन अर्थ स्वतंत्रपणे दिलेले असतात. एक म्हणजे फसवणे, ठकवणे, आणि दुसरा म्हणजे चक्रावून टाकणे, बुचकळ्यात पाडणे. प्रत्यक्ष वापरात मात्र या दोन अर्थांची फारकत क्वचितच होते, कारण जिथे हा शब्द वापरला जातो तिथे गोंधळ हेच बहुधा फसवणुकीचे साधन असते. कोणी आपल्या खिशातून गुपचूप पैसे काढून नेले, तर इंग्रजीत त्या कृत्याला ‘बॅम्बूझल’ म्हणत नाहीत. परंतु एखाद्या विक्रेत्याने व्याजदर, सवलत, हप्ते आणि मुदत यांच्या आकड्यांचा भडिमार करून आपल्याकडून सही करवून घेतली, तर तिथे हा शब्द चपखल बसतो.

मग तो ‘कन्फ्यूज’चा समानार्थी शब्द मानावा का?

मानू नये. ‘कन्फ्यूज’ करणाऱ्याचा काही हेतू असावाच लागतो असे नाही, कारण दोन गावांची सारखी नावे किंवा रस्त्यावरची चुकीची पाटीही माणसाला गोंधळात टाकू शकते. ‘बॅम्बूझल’च्या मागे बहुतेक वेळा कोणीतरी कर्ता उभा असतो आणि आपण काय करत आहोत हे त्याला पक्के ठाऊक असते. अलीकडच्या इंग्रजीत ‘या नियमावलीने मला बॅम्बूझल केले’ अशा धर्तीचे प्रयोग आढळतात आणि ते चूक नाहीत. पण तिथेही ती नियमावली जणू मुद्दाम आपल्याला चकवण्यासाठीच लिहिली असावी, असा तक्रारीचा सूर असतो. मराठी वाचकाने हा सूर ओळखला नाही, तर वाक्याचा अर्धा अर्थ हातातून निसटतो.

उच्चार कसा करावा आणि देवनागरीत कसे लिहावे?

बॅम्-बू-झल असे तीन अवयव पाडावेत आणि आघात मधल्या ‘बू’वर द्यावा. शेवटचा ‘झ’ हा ‘झाड’ किंवा ‘झोप’ या शब्दांतल्या ‘झ’च्या जवळचा आहे, ‘झेंडा’तल्या ‘झ’सारखा नाही. हिंदीत या ध्वनीसाठी ‘ज’खाली नुक्ता देतात, मराठीत साधा ‘झ’ पुरतो.

हा शब्द पहिल्यांदा लिखाणात कधी आला?

आज हाती असलेल्या पुराव्यानुसार १७०३ मध्ये. कॉली सिबर हे लंडनच्या ड्रुरी लेन रंगभूमीवरचे नट आणि नाटककार होते. त्यांचे एक विनोदी नाटक १७०२ च्या नोव्हेंबरमध्ये रंगमंचावर आले आणि पुढच्या वर्षी छापले गेले. त्या छापील संहितेत, खोटे पुरावे पुढे करून आपल्याला बनवण्याचा बेत होता, अशा अर्थाच्या वाक्यात हे क्रियापद येते.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. पहिली लेखी नोंद म्हणजे शब्दाचा जन्म नव्हे. नाटककार प्रेक्षकाला न कळणारा शब्द विनोदी संवादात सहसा घालत नाही. त्यामुळे सिबर यांनी तो वापरला तेव्हा लंडनच्या बोलण्यात तो आधीपासून खेळत असला पाहिजे, असा तर्क करता येतो. किती आधीपासून, हे लेखी पुराव्यावरून ठरवता येत नाही.

जोनाथन स्विफ्ट यांचे नाव या शब्दाच्या संदर्भात सतत का येते?

कारण ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’चे लेखक असलेल्या स्विफ्ट यांना हा शब्द इंग्रजीत राहू नये असे मनापासून वाटत होते, आणि त्यांच्या विरोधामुळेच त्याच्या बालपणाची इतकी चांगली नोंद आपल्यापर्यंत पोहोचली आहे. रिचर्ड स्टील यांनी १७०९ मध्ये सुरू केलेल्या ‘टॅटलर’ या नियतकालिकाच्या २३० व्या अंकात, २८ सप्टेंबर १७१० रोजी, स्विफ्ट यांनी इंग्रजी भाषेच्या बिघाडावर एक पत्ररूप लेख लिहिला. शब्द अर्ध्यात तोडून बोलण्याची तरुणांची सवय त्यांना खुपत होती, आणि काही छानछोकी मंडळींनी घडवलेले नवे शब्द त्याहून अधिक खुपत होते. अशा शब्दांची उदाहरणे म्हणून त्यांनी ‘बँटर’ (थट्टामस्करी), ‘बॅम्बूझल’, ‘कंट्री पुट’ आणि विशिष्ट अर्थाने वापरलेला ‘किडनी’ हे चार शब्द दिले. यांतले काही अजून प्रतिष्ठेसाठी धडपडत आहेत, तर काहींनी ती मिळवलीही आहे, असे त्यांचे निरीक्षण होते. ‘मॉब’ (जमाव) आणि ‘बँटर’ या दोन शब्दांना रोखण्यासाठी आपण कित्येक वर्षे शर्थ केली, पण संख्याबळापुढे आपला निभाव लागला नाही आणि मदतीचे वचन देणाऱ्यांनीच दगा दिला, असेही त्यांनी त्याच लेखात लिहून ठेवले आहे.

पुढे १७१२ मध्ये स्विफ्ट यांनी तेव्हाचे प्रमुख मंत्री, ऑक्सफर्डचे अर्ल रॉबर्ट हार्ली यांना उद्देशून एक प्रस्ताव प्रसिद्ध केला आणि इंग्रजी भाषा सुधारून ती कायमची स्थिर करण्यासाठी विद्वानांचे मंडळ नेमावे, अशी मागणी केली. फ्रान्समध्ये १६३५ पासून अशी अकादमी होती. १७१४ मध्ये राणी अ‍ॅन मरण पावली, हार्ली यांची सत्ता गेली आणि तो प्रस्ताव तसाच राहिला.

त्यांनी हेरलेल्या चार शब्दांचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. खेडवळ भोळ्या माणसासाठी वापरला जाणारा ‘कंट्री पुट’ पूर्णपणे लोपला. स्वभाव किंवा जातकुळी या अर्थाचा ‘किडनी’ एखाद्या जुन्या धाटणीच्या वाक्यापुरता उरला. ‘बँटर’ आणि ‘बॅम्बूझल’ मात्र तीनशे वर्षांनंतरही ठणठणीत आहेत, आणि ‘मॉब’ तर न्यायालयाच्या निकालपत्रातही येतो. स्विफ्ट यांचा कान अत्यंत तीक्ष्ण होता आणि नव्या शब्दांची जी यादी त्यांनी केली ती भाषेच्या इतिहासाच्या दृष्टीने अनमोल आहे. त्यांचा निवाडा चुकला असे माझे स्पष्ट मत आहे, पण त्यांनी तो निवाडा लिहून ठेवला नसता, तर १७१० मध्ये हा शब्द नवा, तरुणांच्या तोंडी असलेला आणि ज्येष्ठांना न रुचणारा होता, हे इतक्या खात्रीने सांगता आले नसते.

यातली आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. स्विफ्ट यांचे जवळचे मित्र डॉ. जॉन आर्बथनॉट यांनी १७१२ मध्ये ‘जॉन बुल’ हे इंग्लंडचे प्रतीक ठरलेले पात्र आपल्या उपहासात्मक लेखनातून रूढ केले. त्याच लेखनात ‘बँटरर’ आणि ‘बॅम्बूझलर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, लोकांना बनवत फिरणाऱ्या टोळक्याचा उल्लेख येतो. म्हणजे स्विफ्ट यांच्या तक्रारीला दोन वर्षे होतात न होतात तोच त्यांच्याच वर्तुळातल्या एका लेखकाने त्या शब्दाला कर्तृवाचक नामाचे रूप देऊन साहित्यात जागा दिली होती.

शब्दाचा उगम नक्की कोठला?

निश्चित उगम ज्ञात नाही, आणि या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर इथूनच सुरू व्हायला हवे. ज्या कोशांवर विसंबावे असे कोश ‘बहुधा चोरट्यांच्या किंवा उनाडांच्या सांकेतिक बोलीतून’ इतकेच सांगून थांबतात. सतराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमध्ये अशा बोलीला पोषक वस्त्या होत्या. फ्लीट स्ट्रीटजवळचा व्हाइटफ्रायर्स हा भाग कर्जबुडव्यांचे आश्रयस्थान म्हणून कुप्रसिद्ध होता आणि तिथे अधिकाऱ्यांचाही सहज शिरकाव होत नसे. ते संरक्षण १६९७ च्या कायद्याने काढून घेण्यात आले. ‘बँटर’ हा शब्द तिथल्या गुंडांकडून नोकरचाकरांकडे आणि पुढे पढीक मंडळींकडे गेला, असे स्विफ्ट यांनी अन्यत्र लिहिले आहे. ‘बॅम्बूझल’ही अशाच वाटेने वर आला असणे शक्य आहे, पण त्याच्यासाठी असा थेट साक्षीदार मिळत नाही.

पर्यायी व्युत्पत्त्या अनेक मांडल्या गेल्या आहेत. स्कॉट बोलीत ‘बंबेझ’ किंवा ‘बॉम्बेझ’ असे एक क्रियापद आहे आणि त्याचा अर्थ चक्रावून टाकणे असाच आहे. अर्थ आणि ध्वनी दोन्ही जवळचे असल्याने हा दुवा विचारात घ्यावा असा आहे, मात्र कोणी कोणाकडून घेतले हे उपलब्ध तारखांवरून सिद्ध होत नाही. फ्रेंच भाषेत ‘आंबाबुइने’ असे जुने क्रियापद आहे. त्याच्या पोटात बबून माकडाचे नाव दडलेले आहे आणि अर्थ एखाद्याला मूर्ख बनवणे असा होतो. ही व्युत्पत्ती ऐकायला आकर्षक आहे, परंतु फ्रेंच शब्दापासून इंग्रजी रूप कसे घडले, शेवटचा ‘झल’ कोठून आला, याच्या मधल्या पायऱ्या कोणी दाखवलेल्या नाहीत. लहान मूल या अर्थाच्या ‘बाम्बिनो’ या इटालियन शब्दाकडे बोट दाखवणारे, म्हणजे ‘एखाद्याला पोर समजून झुलवणे’ असा अर्थ लावणारेही आहेत. तिथेही अडचण तीच आहे.

मला स्वतःला स्कॉट दुवा आणि सांकेतिक बोलीचा तर्क हे दोनच विचारार्ह वाटतात, आणि ते परस्परविरोधी नाहीत, कारण एखाद्या प्रादेशिक शब्दाने लंडनच्या गल्लीबोळांत येऊन नवे शेपूट धारण करणे भाषेत नेहमी घडते. पण हे माझे मत आहे, सिद्ध झालेली गोष्ट नाही, आणि वाचकांनी ते तसेच घ्यावे.

‘बॅम’ हे लघुरूप आधीचे की नंतरचे?

‘बॅम’ म्हणजे थट्टेखातर दिलेली थाप. स्विफ्ट यांच्याच १७३८ च्या उपहासात्मक संवादांत या लघुरूपाचे क्रियापद उच्चभ्रू मंडळींच्या तोंडी येते. फ्रान्सिस ग्रोस यांनी १७८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अपभाषाकोशात ‘बॅम’ आणि ‘बॅम्बूझल’ या दोहोंना स्वतंत्र नोंदी आहेत. लांब शब्द तोडून ‘बॅम’ झाला, हे मत त्या काळातल्या शब्द तोडण्याच्या फॅशनशी जुळते. उलट क्रम अशक्य आहे असे मात्र म्हणता येत नाही.

‘बांबू’शी या शब्दाचा काही संबंध आहे का?

नाही. ठकांना चीनमध्ये बांबूने झोडपण्याची शिक्षा होती आणि तिच्यावरून हा शब्द आला, अशी कथा वारंवार सांगितली जाते, पण तिला आधार नाही. शिवाय ती अर्थाशीही जुळत नाही. शब्दाचा अर्थ ठकवणे असा आहे, ठकाला शिक्षा करणे असा नाही.

‘बांबू’ या शब्दाचा इतिहास मात्र आपल्या किनाऱ्याशी खरोखर जोडलेला आहे, म्हणून तो इथे थोडक्यात सांगतो. गोव्यात वास्तव्य करून असलेले पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांचा औषधी द्रव्यांवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात वंशलोचनाची चर्चा करताना, ज्या वेळूतून ते मिळते त्याला इथले लोक ‘मांबू’ म्हणतात, असे त्यांनी नोंदवले आहे. हा शब्द मुळात कानडी की मलय, यावर १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन कोशातही चर्चा आहे. पोर्तुगीज आणि डच व्यापाऱ्यांमार्फत तो इंग्रजीत गेला, आणि तोही ‘बॅम्बूझल’च्या पहिल्या नोंदीच्या सुमारे शंभर वर्षे आधी. दोन्ही शब्दांच्या वाटा कोठेही एकत्र आल्याचा पुरावा नाही.

मराठीतल्या ‘भांबावणे’शी साम्य दिसते, ते कसे?

तो योगायोग आहे. अर्थ जवळचा आणि आरंभीचा ध्वनीही जवळचा असल्याने मराठी माणसाच्या मनात हा प्रश्न येणे अगदी स्वाभाविक आहे. पण ध्वनिसाम्य हा व्युत्पत्तीचा पुरावा होत नाही. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत शब्द गेला असे म्हणायचे असेल, तर तो कोणाच्या तोंडून, कोणत्या काळात आणि कोणत्या रूपांतून गेला हे दाखवावे लागते. बांबूच्या बाबतीत गोवा, पोर्तुगीज वैद्य आणि छापील ग्रंथ अशी साखळी हातात आहे. भांबावण्याच्या बाबतीत अशी एकही कडी नाही. व्याकरणही वेगळे आहे, कारण माणूस स्वतः भांबावतो, तर ‘बॅम्बूझल’ दुसऱ्याला करावे लागते.

हा शब्द औपचारिक लेखनात चालतो का?

सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या कोशात या शब्दाला जागा दिली, पण शुद्ध किंवा गंभीर लेखनात न वापरला जाणारा सांकेतिक बोलीतला शब्द, असा शेरा मारून. उदाहरण म्हणून त्यांनी आर्बथनॉट यांचेच वाक्य घेतले. त्या शेऱ्याची धार आता पुष्कळ बोथट झाली आहे. इंग्रजी वृत्तपत्रांतील लेख, अग्रलेख आणि ललित लेखन यांत तो सर्रास येतो. कायद्याचा मसुदा, वैद्यकीय अहवाल किंवा शोधनिबंध यांत तो अजूनही परका वाटतो. तिथे फसवणूक किंवा दिशाभूल यांसाठी असलेले नेमके पारिभाषिक शब्दच योग्य ठरतात.

वाक्यात तो कसा वापरतात?

हे सकर्मक क्रियापद आहे. एखाद्याला बॅम्बूझल करून त्याच्याकडून काही करवून घेणे आणि एखाद्याला बॅम्बूझल करून त्याच्याकडचे काही काढून घेणे, अशा दोन रचना इंग्रजीत रूढ आहेत. पहिलीत ‘इन्टू’ आणि दुसरीत ‘आउट ऑफ’ ही अव्यये येतात. फसलेल्या माणसाच्या अवस्थेसाठी भूतकालवाचक धातुसाधित विशेषण वापरतात. नाम म्हणून वापर दुर्मीळ असला तरी होतो. खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनी १९९५ मध्ये लिहिलेले एक वाक्य प्रसिद्ध आहे आणि त्यात हा शब्द क्रियापद व नाम अशा दोन्ही रूपांत येतो. दीर्घकाळ फसवले गेलेले लोक पुढे त्या फसवणुकीचा पुरावाच नाकारू लागतात, असा त्याचा आशय आहे.

क्रिकेटच्या समालोचनात तो इतका का ऐकू येतो?

कारण फिरकी गोलंदाजाच्या कामाचे इतके अचूक वर्णन करणारे क्रियापद इंग्रजीत दुसरे नाही. लेग ब्रेकच्याच हालचालीने टाकलेली गुगली उलट दिशेला वळते, तेव्हा फलंदाज आधी चुकीचा अंदाज बांधतो आणि मग बाद होतो. गोंधळ आणि फसवणूक यांचा क्रम इथे डोळ्यांसमोर घडतो. ३६ कसोटींत १४९ बळी घेणारे मुंबईचे सुभाष गुप्ते हे या कलेतले अव्वल नाव. या संदर्भात शब्दाला नैतिक दोषाचा वास राहत नाही, कारण खेळात चकवणे हेच कौशल्य असते. मराठीत ‘चकवले’ हे क्रियापद हीच छटा नेमकी पकडते.

याच अर्थाच्या आसपासचे इतर इंग्रजी शब्द कोणते?

‘परप्लेक्स’ आणि ‘कन्फ्यूज’ हे लॅटिनमधून आलेले प्रतिष्ठित शब्द आहेत. पहिल्याच्या मुळाशी गुंता आहे, तर दुसऱ्याच्या मुळाशी एकत्र ओतून मिसळणे. ‘हूडविंक’ म्हणजे मुळात डोळ्यांवर टोपरे ओढून दिसेनासे करणे. ‘फ्लमॉक्स’ १८३७ च्या सुमारास चार्ल्स डिकन्स यांच्या लेखनामुळे रूढ झाला. तो बहुधा ग्रामीण बोलीतला असावा. ‘डिसकॉम्बोब्युलेट’ हा १८३० च्या दशकातला अमेरिकन शब्द लॅटिनचा नुसता आव आणतो. अमेरिकेतल्या मिलवॉकी विमानतळावर सुरक्षा तपासणीनंतर पट्टा-बूट पुन्हा चढवण्याच्या जागेला त्याचेच उलटे रूप असलेले नाव दिलेले आहे.

मराठी वाचकाला सर्वांत जवळचा वाटावा असा शब्द ‘बिविल्डर’ आहे. त्याचा मूळ अर्थ रानात वाट चुकवणे असा आहे. कोकणात रात्री रानवाटेने जाणाऱ्याला चकवा लागतो आणि तो फिरून फिरून त्याच जागी येतो, या समजुतीमागचा अनुभव आणि या इंग्रजी शब्दामागचा अनुभव एकच आहे.

मराठीत भाषांतर करताना कोणता शब्द वापरावा?

एकच शब्द सर्वत्र चालणार नाही. पैशांची फसवणूक असेल तर ‘गंडवणे’, ‘टोपी घालणे’ किंवा ‘चुना लावणे’ हे बोलभाषेतले प्रयोग जवळचे आहेत, आणि औपचारिक मजकुरात ‘बोलण्यात गुंतवून फसवणे’ हा प्रयोग गोंधळ व फसवणूक हे दोन्ही घटक राखतो. मित्रामित्रांतली थट्टा असेल तर ‘बनवणे’, ‘शेंडी लावणे’ किंवा ‘मामा बनवणे’ चालते. राजकीय भाषणाबद्दल असेल तर ‘भूलथापा देणे’ योग्य. जिथे कर्ता माणूस नसून किचकट अर्ज किंवा नियम आहे, तिथे ‘चक्रावून टाकणे’ वापरावे.

भाषांतरकाराने टाळावा असा शब्द म्हणजे केवळ ‘गोंधळवणे’. तो चूक नाही, पण फसवणाऱ्याचा हेतू त्यात पुसला जातो. मूळ वाक्यात त्या हेतूवर बोट ठेवलेले असेल, तर मराठीत दोन क्रियापदे वापरावी लागली तरी ती वापरावीत. ‘त्याने आकड्यांच्या घोळात मला गुंतवले आणि गंडवले’ असे वाक्य इंग्रजीपेक्षा लांब होते, पण त्यात काही सांडत नाही.